तुमचा आकडा कायद्यापर्यंत कसा पोचवावा

देशाचं आर्थिक धोरण आपल्या मनासारखं व्हावं असं वाटत असेल, तर निवडणुकीच्या भानगडीत अजिबात पडू नका. उन्हातान्हात फिरायचं, कुणाच्याही बारशाला हजेरी लावायची आणि पाच वर्षांनी पुन्हा लोकांना तोंड दाखवायचं, एवढा उपद्व्याप हवा कशाला? त्यापेक्षा एक आकडा काढा. तो गोल असावा आणि ‘जीडीपीच्या इतके टक्के’ अशा थाटात सांगता यावा. ८७.४ काढलात तर एखादा संख्याशास्त्रवाला ‘अधिक-उणे किती?’ म्हणून नडेल. ९० म्हटलं की माना डोलतात.

आता पत्त्याचं बघू. आकडा घरच्या घरी छापला तर ते तुमचं मत ठरतं. अर्थतज्ज्ञांच्या नामांकित जाळ्यातून बाहेर पडला तर तेच संशोधन होतं. अमेरिकेतल्या केम्ब्रिजची नॅशनल ब्यूरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च १९२० ची, लंडनमध्ये सुरू झालेलं सेंटर फॉर इकॉनॉमिक पॉलिसी रिसर्च १९८३ चं. दोन्ही बिगरसरकारी. पण अमेरिकेत मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे या ब्यूरोची एक समिती जाहीर करते आणि सगळे ते मुकाट मान्य करतात, यावरून वजन ओळखा. इथे अर्ज चालत नाही, कुणीतरी नाव सुचवावं लागतं. एकदा आत शिरलात की त्यांच्या निबंधाचा दाखला तुम्ही द्यायचा, तुमच्या निबंधाचा त्यांनी. अहो रूपम् अहो ध्वनिः.

निबंध ‘वर्किंग पेपर’ म्हणूनच काढा. तो समीक्षकांनी तपासलेला नसतो आणि तसं त्याच्यावर छापलेलंही असतं. घाबरू नका, ती ओळ कुणी वाचत नाही. नियतकालिकाच्या छाननीत दोन-तीन वर्षं सहज जातात आणि तोवर संकट ओसरलं तर तुमच्या आकड्याला विचारतो कोण? मुहूर्त कसा साधावा हे कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांकडून शिका. ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रीसच्या नव्या सरकारनं खरी तूट आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी मोठी असल्याचं जाहीर केलं. जानेवारी २०१० मध्ये या दोघांचा वर्किंग पेपर आला. सार एवढंच, की सार्वजनिक कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ कोसळते. रोगॉफ आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे माजी मुख्य अर्थतज्ज्ञ, राइनहार्टही तिथल्या संशोधन विभागात काम केलेल्या. म्हणजे दार ठोठवायचीही गरज नव्हती.

सरासरी काढण्याचं काम मात्र मन लावून करा, सगळी कला तिथेच आहे. १९४६ ते २००९ या काळातले २० प्रगत देश घ्या आणि प्रत्येक वर्ष कर्जाच्या प्रमाणानुसार चार खणांत टाका. ३० टक्क्यांपर्यंत, ३० ते ६०, ६० ते ९० आणि ९० च्या वर. शेवटच्या खणात ब्रिटनची १९ वर्षं पडतात, सरासरी वाढ २.४ टक्के. न्यूझीलंडचं पडतं एकच वर्ष, १९५१ चं, आणि त्या वर्षी वाढ उणे ७.६. आता प्रत्येक वर्षाला सारखं वजन दिलंत तर न्यूझीलंड गर्दीत हरवेल. म्हणून वजन वर्षाला नव्हे, देशाला द्या. खणात सात देश उरले असतील तर ब्रिटनची १९ वर्षं एक सप्तमांश आणि न्यूझीलंडचं ते एक वर्षही एक सप्तमांश. त्या एकट्या वर्षामुळे सरासरी एका टक्क्याहून जास्त खाली ओढली जाते. सगळ्यांना समान मत, लोकशाहीला धरूनच आहे की!

न्यूझीलंड खरं तर या खणात पाच वर्षं होता. पण १९४६ ते १९४९ ही चार वर्षं हिशेबात आली नाहीत. ती धरली असती तर त्या देशाची सरासरी उणे साडेसातवरून अधिक अडीचच्या पुढे गेली असती. लेखकांनी नंतर सांगितलं की ती आकडेवारी तेव्हा तपासून झालेली नव्हती. असेलही. तुम्हीही हे कारण हाताशी ठेवा, ते कधी खोटं पाडता येत नाही. शेवटी ९० च्या वरची सरासरी आली उणे ०.१ टक्का. त्याच निबंधात मध्यक (आकडे क्रमानं लावले की मधोमध येतो तो) अधिक १.६ दिलेला होता, पण उणे चिन्ह हाताशी असताना मध्यकाकडे कोण बघतो?

एक किरकोळ चूकही आवर्जून राहू द्या. हे वाचून दचकू नका, पुढे तीच तुम्हाला तारेल. एक्सेलच्या एल रकान्यात ३० ते ४९ या ओळींत २० देश होते आणि सरासरीचं सूत्र ४४ व्या ओळीवरच थांबलं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हिशेबाबाहेर राहिले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेतल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून हा निबंध पुन्हा करून पाहायचा होता. आकडे काही जुळेनात. त्यानं लेखकांकडे मूळ फाइल मागितली (त्यांनी ती दिली, हे त्यांचं खरंच कौतुक) आणि एप्रिल २०१३ मध्ये मायकेल ॲश व रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांसह त्यानं दुरुस्त आकडा मांडला: उणे ०.१ नव्हे, अधिक २.२.

जगभर हशा पिकला तो एक्सेलवर. वास्तविक त्या सूत्रामुळे पडलेला फरक सुमारे ०.३ टक्क्यांचाच होता. मोठा वाटा गाळलेल्या वर्षांचा आणि वजनाच्या पद्धतीचा. पण ते समजून घ्यायला अर्धा तास लागतो आणि सूत्राची चौकट अर्ध्या सेकंदात दिसते. म्हणून म्हणतो, चूक ठळक असू द्या. लोक तिच्यावर हसून मोकळे होतात, लेखक ती मान्य करून मोकळे होतात आणि वजनं तशीच राहतात. शिवाय दुरुस्तीनंतरही ९० च्या वरची वाढ ६० ते ९० मधल्या ३.२ पेक्षा कमीच होती, त्यामुळे ‘आमचा मुद्दा कायम आहे’ असं म्हणता येतं. कड्याच्या जागी साधा उतार निघाला, एवढंच. आणि कर्जामुळे वाढ मंदावते की वाढ मंदावल्यानं कर्ज फुगतं, हा प्रश्न कुणी काढलाच तर जपानचं नाव घेऊ नका. तिथे आधी नव्वदच्या दशकात वाढ बसली, मग कर्ज चढलं.

निबंधात भाषा जपून वापरा. ‘संबंध आढळतो’ असं लिहा. ‘मुळे’ हा प्रत्यय मंत्र्यांसाठी सोडा, ते तो आपणहून लावतात. फेब्रुवारी २०१० मध्ये जॉर्ज ऑस्बोर्न यांनी लंडनमधल्या व्याख्यानात या संशोधनाचा आधार घेतला आणि मे महिन्यात ते ब्रिटनचे अर्थमंत्री झाले. युरोपीय आयोगाचे ओली रेन अगदी २०१३ च्या फेब्रुवारीतही अर्थमंत्र्यांना ९० चा धाक घालत होते. जोडीला दुसरा निबंध असेल तर सोन्याहून पिवळं. खर्चकपात केली तर अर्थव्यवस्था उलट वाढूही शकते, असं अल्बेर्तो अलेसिना आणि सिल्व्हिया अर्दान्या यांनी २००९ मध्ये मांडलं. एप्रिल २०१० मध्ये अलेसिना माद्रिदला युरोपच्या अर्थमंत्र्यांसमोर उभे होते. त्यांच्या निबंधात खोट अशी, की तूट घटली म्हणजे सरकारनं कपात केली असं धरलं होतं. शेअर बाजार तेजीत असला की महसूल वाढून तूट आपोआप घटते, आणि वाढीचं श्रेय कपातीला जातं. नाणेनिधीनं ऑक्टोबर २०१० मध्ये १५ देशांचे प्रत्यक्ष निर्णय तपासले, तेव्हा जीडीपीच्या १ टक्का कपातीनं दोन वर्षांत उत्पन्न सुमारे अर्धा टक्का घटलेलं दिसलं. पण तोवर बैठक आटोपली होती.

पश्चात्तापाची वेळ आली तर तोही जाळ्यातूनच करा. कपातीचा गुणक (एक रुपया कपातीमागे उत्पन्न किती रुपयांनी घटतं तो आकडा) अंदाजात ०.५ च्या आसपास धरला होता, संकटाच्या सुरुवातीला तो १ च्या बराच वर निघाला, असं नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ ऑलिव्हिये ब्लांशार आणि त्यांचे सहकारी डॅनिअल ली यांनी जानेवारी २०१३ मध्ये लिहिलं. तेही वर्किंग पेपरमध्येच, आणि वर ठरलेली ओळ: ही मतं लेखकांची, संस्थेची नव्हेत. ग्रीसमधली बेकारी त्या वर्षी २७ टक्क्यांवर होती. तिच्याखाली अशी ओळ छापायची सोय नव्हती.

आता तुमच्या मनात आलं असेल, की निबंधाशिवाय चालेल का? चालतं, पण त्याला नशीब लागतं. १९८१ मध्ये फ्रान्सच्या अर्थसंकल्प खात्यातल्या गी आबेय यांना वरून सांगणं आलं, की मंत्र्यांच्या मागण्या थोपवायला एखादा सुटसुटीत नियम द्या. त्यांनी सहकाऱ्यासोबत तासाभरात ‘तूट जीडीपीच्या ३ टक्के’ असा नियम काढला. मागे सिद्धान्त काही नव्हता, हे त्यांनीच पुढे सांगितलं. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात, म्हणजे युरोपीय संघ ज्यानं उभा राहिला त्या करारात, तो ६० टक्के कर्जाच्या शेजारी जाऊन बसला. मग वरातीमागून घोडं आलं: चालू किमतींनुसार, म्हणजे महागाई धरून, वाढ ५ टक्के असेल तर ३ टक्के तुटीत कर्ज ६० वर स्थिर राहतं. गणित बरोबर आहे, फक्त वाढ ५ टक्के राहिली पाहिजे.

हाच ३ आपल्याकडे २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याखाली २००४ मध्ये केलेल्या नियमांत उतरला. इथलं समर्थन वेगळं, तेही मागाहून. बाराव्या वित्त आयोगानं २००४ च्या अखेरीस हिशेब मांडला: घरगुती आर्थिक बचत १० टक्के, परदेशातून १.५, त्यातून खासगी कंपन्यांना ४ आणि सार्वजनिक उपक्रमांना १.५. उरले ६, ते केंद्र आणि राज्यांनी ३-३ वाटून घ्यावेत. पॅरिसमध्ये तासाभरात निघालेला आकडा मुंबई-पुणेकरांच्या मुदत ठेवींतूनही तंतोतंत निघावा, याला म्हणतात शास्त्र. राज्यांनी असे कायदे करावेत म्हणून केंद्रानं कर्जमाफीचं गाजर दाखवलं आणि २००५ मध्ये महाराष्ट्राचा कायदाही झाला.

कायद्यात बसलेला आकडा हलत नाही, त्याच्या आजूबाजूला हलावं लागतं. कोविडच्या वर्षी राज्यांची मर्यादा ३ वरून ५ झाली, काही भाग अटी घालून, आणि पुन्हा ३ कडे वळली. मंत्रालयात बसून हा ३ सांभाळायची पाळी आली तर कर्ज एखाद्या सरकारी महामंडळाच्या नावावर काढा आणि हप्ते अर्थसंकल्पातून भरा. २०२२ पासून केंद्र असं कर्जही राज्याच्या मर्यादेत धरतं, त्यामुळे हा मार्ग जरा अरुंद झालाय. मग छेदाकडे वळा. स्थूल राज्य उत्पन्नाचा अंदाज थोडा सढळ धरला की तीच तूट विवरणपत्रात ३ च्या आत दिसते. प्रत्यक्ष कर्ज काढायला राज्यघटनेच्या २९३ व्या अनुच्छेदाखाली केंद्राची संमती लागते आणि केंद्र आपल्या हिशेबानं आकडा धरतं, ती कटकट वेगळी. पण सुधारित अंदाज येईपर्यंत विधानसभेत मंजुरी होऊन गेलेली असते.