समोरचा आकडा

वेल्डर म्हणाला, "सा नाने." नाने म्हणजे आठ, एवढी स्वाहिली मला तेव्हा येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मी म्वान्झाच्या त्या गल्लीत हजर, सोबत हातगाडीवर दवाखान्यातली पाय मोडलेली लोखंडी खाट. शटर बंद. गाडीवाला खाट उतरवून निघून गेला, मी तिच्यावरच बसलो.

शेजारच्या ओट्यावर एक शिंपी मशीन चालवत होता. तासाभराने त्याने चहा दिला, मग चपाती. इथेही चपातीच म्हणतात. दहाच्या सुमाराला त्याला राहवेना. कशाची वाट बघतोस? मी सांगितल्यावर तो एवढा हसला की मशीन थांबलं. मग माझं मनगट धरून त्याने घड्याळातल्या आठवर बोट ठेवलं आणि ते सरकवत समोर नेलं, दोनवर. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, म्हणून 'आठ' म्हणजे दुपारचे दोन. समोरचा आकडा वाचायचा, संपलं. आपल्या पंचांगातला दिवसही सूर्योदयालाच सुरू होतो की, पण हे शहाणपण सुचलं चहा पोटात गेल्यावर. खाट त्याने आत ओढून घेतली आणि मला घरी पिटाळलं.

मी भायखळ्याचा. टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या या गावी, मिशनच्या दवाखान्याचे हिशेब आणि भांडार सांभाळतो. लोकांना वाटतं, मिशनचं काम म्हणजे प्रवचन. माझं निम्मं आयुष्य साबण, बल्ब आणि शिक्के यांच्या मागे जातं. साबणाला 'साबुनी', हिशेबाला 'हेसाबू', दुकानाला 'दुका'. नात्यांत मात्र घोळ आहे: मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ, आणि दादा म्हणजे चक्क बहीण. दुकानदारणीला मी पहिल्या आठवड्यात अदबीने 'दादा' म्हणालो असतो तर बरोबर ठरलं असतं. मी 'ताई' म्हणालो. तिला वाटलं, मला काहीतरी दुसरंच हवंय, आणि तिने तीन डबे उघडून दाखवले.

घरून फोनवर येतं ते मुंबईतलं भाषेचं भांडण. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनअखेर तो मागे घेतला गेला. मधल्या आणि नंतरच्या दिवसांत मराठी येत नाही म्हणून कुणाला तरी थोबाडीत मारल्याचे व्हिडिओ. आमच्या घरच्या ग्रुपवर त्याखाली अंगठे पडतात. पहिलीतल्या पोरावर हिंदी लादू नये, हे मलाही मान्य. मुंबईत राहणाऱ्याला मराठी आली पाहिजे, हेही. पण आमच्या इमारतीचा वॉचमन बारा वर्षं आमच्याकडे आहे आणि त्याच्याशी मी एक वाक्य मराठीत बोललेलो नाही. 'भैया, पार्सल आया क्या?' बारा वर्षं. त्याने मराठी शिकायची कुणाकडून? भाजीवाला, रिक्षावाला, गॅसवाला दिसला की आपली जीभ आपोआप हिंदीवर घसरते, आणि मग एके दिवशी आपण त्याच्याकडे पावती मागतो. मध्ये एक रस्ता होता. आपली भाषा न सोडता, हळू बोलून, हसून, बोट धरून घड्याळ दाखवण्याचा. तो आपण घेतलाच नाही.

आमच्या भायखळ्याच्या ख्रिस्ती मंडळींना तरी हे नवं नसावं. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. राहायला मिळाल्यावर त्यांनी मराठी शिकून घेतली. त्यांची पहिली वाक्यं ऐकून बाजारात काय हशा पिकला असेल!

आता कुणी म्हणेल, तुझं उदाहरण लंगडं आहे. आहेच. इथली मूळ भाषा सुकुमा. स्वाहिली ही देशाची भाषा, प्राथमिक शाळेची, सरकारी कागदाची. म्हणजे मी इथे मराठी शिकलो की हिंदी? दवाखान्यात येणारी आजी सुकुमात दुखणं सांगते आणि बरोबरची नात ते स्वाहिलीत नर्सला सांगते. नातीला आजीचं सगळंच कळत असेल असं मला वाटत नाही. हे बघितल्यापासून मुंबईतल्या मराठीच्या धास्तीला मी हसत नाही.

शनिवारी मी बाजारात सुकट घेतो. इथे तिला 'दगाआ' म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, दगा तर इथेही मिळतो. तर ती सुकट विकणारी मामा शेजारणीशी सुकुमातच बोलते. गेल्या शनिवारी मी शिकून गेलो होतो: "म्वांगालुका." सकाळचा रामराम. तिने मापावर एक मूठ जास्त टाकली आणि लांबलचक काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही, मी नुसती मान हलवली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मूठभर सुकट पुन्हा पिशवीबाहेर काढली, आणि तेच सगळं पहिल्यापासून बोलली. या वेळी हळू.