माळवदावरचा सिगार

मे महिन्याच्या सुट्टीत अंबाजोगाईला सासुरवाडीस गेलो, तेव्हा मेहुण्याने मला कोठीच्या खोलीत बोलावून खिशातून एक सिगार काढला. पुण्याच्या त्याच्या साहेबांनी तो परदेशाहून आणून मोठ्या प्रेमाने दिला होता आणि सोमवारी "कसा वाटला?" असे ते विचारणार, हे नक्की होते. मेहुण्याला उदबत्तीचा धूरसुद्धा सोसत नाही. त्यामुळे "दाजी, तुम्ही ओढा आणि मला चार वाक्यं लिहून द्या," अशी कामगिरी माझ्यावर सोपवण्यात आली. कॉलेजात वर्षाकाठी चार-पाच सिगारेटी ओढल्याच्या माझ्या लौकिकावर त्या घराचा एवढा विश्वास असेल, याची मला कल्पना नव्हती.

सिगारच्या कागदी पट्टीवर निकाराग्वा या देशाचे नाव छापले होते. ऐवज पाच इंच लांब आणि पाऊण इंचाहून किंचित जाड होता. ही जाडी इंचाच्या 64व्या भागात मोजतात आणि आमचा सिगार 50चा होता, एवढे ज्ञान मी मोबाइलवरून मिळवले. आत भरणीची पाने, त्यांना आवळून धरणारे एक पान आणि सर्वांत वर गुळगुळीत आवरणाचे पान अशी त्याची रचना असते, आणि हे सगळे नरम राहावे म्हणून त्याला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रतेत ठेवावे लागते. मराठवाड्यात मे महिन्यात ओल्या धोतराचे एक टोक दोरीवर टाकून दुसरे सरळ करेपर्यंत पहिले वाळलेले असते. मी सिगार ओल्या फडक्यासह स्टीलच्या डब्यात घालून तो डबा रांजणाच्या कुशीत ठेवला. तरीही तिसऱ्या दिवशी त्याच्या आवरणाला उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या.

असा सिगार ओढायला पाऊण ते एक तास लागतो, आणि खरी अडचण तीच होती. सासुरवाडीत जावयाला सगळे मिळते. एकट्याने बसायला तास तेवढा मिळत नाही. रात्री सगळे घर माळवदावर झोपायला येते, पहाटे सासरे तिथेच पूजेची फुले निवडत बसतात. उरली दुपार. रस-पोळीचे जेवण होऊन घर आडवे झाल्यावर, तीनच्या सुमारास, डोक्यावर ओला पंचा टाकून मी माळवदावर गेलो आणि कठड्याच्या वीतभर सावलीत अंग चोरून बसलो.

सिगारची टोपी, म्हणजे तोंडात धरायचे बंद टोक, कापायला वेगळे हत्यार असते. ते नसल्यामुळे मी आतेसासूबाईंच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता पळवला होता. टोपीचा दोन-तीन मिलिमीटरचा काप घ्यायचा असतो. अडकित्त्याने सुपारीच्या सवयीने करकचून खांड पाडले आणि वरचे पान कांद्याच्या सालीसारखे सुटू लागले. ते थुंकीने चिकटवले. पेटवण्याचीही रीत असते. सिगार ज्योतीत खुपसायचा नाही, हुरड्याचे कणीस आगटीवर फिरवावे तसे त्याचे टोक ज्योतीच्या वर धरून सावकाश शेकायचे. वाऱ्याने अकरा काड्या खाल्ल्या, बाराव्या काडीला निकाराग्वा पेटला.

मिनिटाला एक झुरका, धूर तोंडात घोळवून सोडून द्यायचा, छातीत घ्यायचा नाही आणि सिगारचे तीन भाग कल्पून प्रत्येक भागाची चव वेगळी नोंदवायची, असा नियम मी वहीत लिहूनच ठेवला होता. खोक्यावरच्या माहितीनुसार देवदार, चामडे आणि कोको लागायला हवे होते. पहिल्या भागात मला कात आणि लवंग लागली. "मसालेदार सुरुवात" असे मी उत्साहाने लिहिलेही. तो अडकित्त्याचा प्रताप होता, हे नंतर ध्यानात आले. चामड्याचा वास मात्र अगदी स्पष्ट येत होता. शेजारी उन्हात काढून ठेवलेल्या माझ्या वहाणांकडे लक्ष जाईपर्यंत मी त्यावरही दीड ओळ लिहिली होती. देवदाराबद्दल काय लिहावे, हा प्रश्नच होता, कारण मी आयुष्यात हुंगलेली लाकडे म्हणजे सागवान, बाभूळ आणि कडुनिंब.

राख अर्धा इंच झाली होती. एवढ्यात खालून मेहुण्याची हाक आली, "दाजी, काय करालाव वर?" या दचक्यात मी अख्खा झुरका गिळला. कठडा फिरला, समोरचा लिंब फिरला. विजापूरहून दरबारी असद बेगाने आणलेला तंबाखू अकबराने ओढून पाहिला, तेव्हा हकिमाने त्याला दोन-तीन झुरक्यांतच अडवले होते म्हणतात. बादशहाजवळ हकीम होता. माझ्याजवळ फक्त ओला पंचा होता, आणि तोही एव्हाना वाळला होता.

मी डोके धरून बसलो असताना धूर खाली उतरला असावा, कारण उजेडासाठी ठेवलेल्या साण्यातून आतेसासूबाईंचा आवाज वर आला, "मिसरी कोण भाजालंय गं? करपली की पार!"

सिगार चुरडून विझवायचा नसतो, आपोआप विझू द्यायचा असतो. त्यामुळे उरलेला अर्धा मी जिन्याच्या कोनाड्यात ठेवला, खाली येऊन लिंबू-सरबताचे दोन तांबे प्यालो आणि संध्याकाळपर्यंत ऊन लागल्याचे सोंग केले. ते फारसे करावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरातून ओळखीचा वास आला. कोनाडा रिकामा होता. अंगणात मेहुण्याची धाकटी पोरगी निकाराग्वाची सोनेरी पट्टी अंगठीसारखी बोटात घालून मिरवत होती आणि पायरीवर आतेसासूबाई तळहातावरची काळी पूड बोटाने दातांना लावत डोळे मिटून बसल्या होत्या. मेहुण्यासाठी माझी तीन वाक्ये कशीबशी तयार होती, चौथे सुचत नव्हते. त्यांनी पिंक टाकली, जीभ टाळ्याला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "जरा उग्र हाय जावईबापू, पर दाढंचा ठणका बसला."

मी वही उघडून चौथे वाक्य लिहून घेतले.