खेकड्याची नंबरप्लेट आणि बिलातली एक ओळ

मागच्या उन्हाळ्यात ठाण्याहून मामा आमच्याकडे अमेरिकेत व्हर्जिनियाला आले होते. विमानतळावर बॅगा डिकीत ठेवताना त्यांचे लक्ष नंबरप्लेटकडे गेले आणि त्यांनी विचारले, "अगं, गाडीवर हा खेकडा कशाला काढलायस?" मी त्यांना सांगितले की ही 'फ्रेंड ऑफ द चेसापीक' नावाची प्लेट आहे. तिच्यासाठी नेहमीच्या नोंदणीपेक्षा वर्षाला २५ डॉलर जास्त भरावे लागतात, आणि त्यातले १५ डॉलर चेसापीक उपसागर व त्याच्या काठच्या पाणथळ जागांच्या कामासाठी राखलेल्या निधीत जातात. मामांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे आपल्या खाजणांसारखंच की. आमच्याकडे लोक ०००१ नंबरासाठी लाखो मोजतात, पण ते सगळे सरकारजमा. इथे निदान खेकड्याला तरी काही मिळतं."

मामांचे म्हणणे खोटे नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाची फी तीन लाखांवरून पाच लाख रुपये केली, तेव्हाही ती भरणारे लोक आहेत हे गृहीत धरूनच केली असणार. नंबरप्लेटसाठी जास्तीचे पैसे मोजण्याची हौस दोन्हीकडे सारखीच आहे. फरक एवढाच, की इथे त्या हौसेच्या पैशाला आधीच एक वाट आखून दिलेली असते. व्हर्जिनियात अशी नवी प्लेट हवी असेल तर आधी ४५० जणांचे पैसे भरलेले अर्ज जमवावे लागतात, मग विधिमंडळाची मंजुरी लागते, आणि पहिल्या एक हजार प्लेट विकल्या गेल्यानंतर प्रत्येकीमागचे १५ डॉलर संबंधित कामाला मिळू लागतात. उरलेले दहा सरकारी खात्याचे. व्यवस्था म्हणून मला ही रचना आवडते.

तरीही मामा परत गेल्यावर त्यांचे ते 'खेकड्याला तरी काही मिळतं' हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही, कारण खेकड्याला नेमके किती मिळते याचा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला, चेसापीकला मिळणाऱ्या पोटोमॅक नदीच्या काठी डाइक मार्श नावाची पाणथळ जागा आहे. भरती-ओहोटीचे पाणी आणि तेही गोडे, असा दुर्मीळ मेळ तिथे आहे. १९४० ते १९७२ या काळात वाळू आणि खडीसाठी तिचा मोठा भाग अक्षरशः उपसून नेला. पुढे लाटांपासून बचाव करणारा नैसर्गिक आडोसाही त्या उपशात गेल्यामुळे उरलेली दलदल दरवर्षी नदीत ढासळत राहिली. ती सावरण्यासाठी २०१२ च्या सँडी वादळानंतर केंद्राकडून सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले. अडीच कोटीला पंधराने भागून पाहा. एका दलदलीच्या कामाएवढे पैसे एका वर्षात प्लेटांमधून उभे करायचे तर साडेसोळा लाखांहून जास्त गाड्यांवर खेकडा लागला पाहिजे. आणि चेसापीकच्या पाणलोट क्षेत्रात तर सहा राज्ये आणि राजधानीचा जिल्हा येतो. ते क्षेत्र साधारण १ लाख ६६ हजार चौरस किलोमीटरचे आहे.

इथे मला दुसरी एक २५ डॉलरची वस्तू आठवते. १९३४ पासून अमेरिकेत बदकांची शिकार करणाऱ्या सोळा वर्षांवरील प्रत्येकाला केंद्राचे 'डक स्टॅम्प' नावाचे तिकीट विकत घ्यावेच लागते. पहिल्या वर्षी ते एका डॉलरला होते, आता २५ डॉलरला आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घेण्यासाठी किंवा राखण्यासाठी वापरले जातात, आणि त्या पैशातून आजवर साठ लाख एकरांच्या आसपास अधिवास सुरक्षित झाला आहे. शिकार हा विषय मला रुचत नाही, पण या हिशेबापुढे मान तुकवावी लागते. बदक ज्याला हवे, त्याने बदकाच्या घरासाठी पैसे भरायचे, आणि भरायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर सोडलेले नाही.

प्लेटचे नेमके उलटे आहे. पाणथळ जागांचे जे नुकसान मोटारी करतात, त्याच्याशी माझ्या २५ डॉलरचा काहीच संबंध नाही. रस्त्यावर आणि पार्किंगवर पडणारा पाऊस जमिनीत मुरत नाही. तो तेल, टायरची झीज आणि हिवाळ्यात बर्फावर टाकलेले मीठ घेऊन गटारातून ओढ्यात, ओढ्यातून पोटोमॅकमध्ये आणि तिथून उपसागरात जातो. खेकडा लावलेली माझी गाडी आणि न लावलेली शेजाऱ्याची गाडी, दोन्ही त्यात सारखाच हातभार लावतात. पैसे मात्र मी एकटीच भरते आणि वर स्वतःला चेसापीकची मैत्रीण म्हणवून घेते.

सक्तीची फी लोकांना रुचत नाही, हे शेजारच्या मेरीलँडने दाखवून दिले आहे. त्या राज्यातही उपसागरासाठीची प्लेट १९९० पासून आहे आणि ती रस्त्यावर सर्रास दिसते. त्याच राज्याने २०१२ मध्ये नऊ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आणि बाल्टिमोर शहर यांना डांबर, काँक्रीट आणि छपरे यांवरून वाहणाऱ्या पाण्यासाठी शुल्क लावणे बंधनकारक केले, तेव्हा विरोधकांनी त्याला 'पावसावरचा कर' असे नाव ठेवले. थट्टा इतकी रुजली की २०१५ मध्ये ती सक्ती रद्द झाली. बंपरवर खेकडा मिरवणाऱ्यांपैकी कितीजण त्या थट्टेत सामील होते, असा प्रश्न मला पडतो. कदाचित मीही झाले असते. मात्र सांडपाणी शुद्धीकरणासाठी २००४ मध्ये महिना अडीच डॉलरने सुरू झालेला आणि २०१२ मध्ये पाच डॉलर झालेला तिथला 'फ्लश टॅक्स' टिकून राहिला. बिलात एक ठरावीक, लहान रक्कम येते आणि लोक ती भरतात. त्या पैशांतून मोठमोठी शुद्धीकरण केंद्रे सुधारली गेली.

मग प्लेट काढून टाकावी का? मी काढणार नाही. त्या निधीतून व्हर्जिनियात शाळांना आणि लहान संस्थांना अनुदाने मिळतात, मुलांना दलदलीत नेऊन पाणी तपासायला शिकवणे किंवा ओढ्याकाठी झाडे लावणे अशी कामे होतात. कोट्यवधींच्या योजना इतक्या बारीक कामापर्यंत सहसा उतरत नाहीत. माझा आक्षेप प्लेटवर नाही, ती लावली की आपला वाटा भरून झाला, अशा समाधानावर आहे. २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाणथळ जागांचे केंद्रीय संरक्षण बरेच आकसून टाकले. त्यानंतर तरी ते समाधान परवडणारे नाही.

परवा प्लेटच्या नूतनीकरणाची नोटीस आली, म्हणून कागद काढले आणि सोबत घराच्या मालमत्ता कराचे बिलही हातात आले. त्यात 'स्टॉर्मवॉटर' अशी एक ओळ आहे, जी मी इतकी वर्षे वाचलीच नव्हती. आमच्या फेअरफॅक्स काउंटीत घराच्या मूल्यांकनाच्या दर शंभर डॉलरमागे सव्वातीन सेंट पावसाच्या पाण्याच्या व्यवस्थापनासाठी घेतले जातात. सात लाखांच्या घरावर ते साधारण २२७ डॉलर होतात, म्हणजे माझ्या खेकड्याच्या नऊपट. ही ओळ बंपरवर लावता येत नाही आणि तिच्याविषयी कोणताही पाहुणा विचारणार नाही. मी प्लेटचे २५ डॉलर भरले आणि काउंटीच्या अर्थसंकल्पावरील जाहीर सुनावणीची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवली; त्या ओळीचा दर वाढवण्याचा विषय निघाला, तर बाजूने बोलायला मी जाणार आहे.