महासागर, मानवरहित होडी आणि कोट्यवधींचा हिशेब

‘मानवरहित होडीने महासागर ओलांडणे हा कोट्यवधींचा खेळ आहे; लहान होडी लाटांत टिकत नाही, सौरऊर्जा पुरत नाही आणि किनाऱ्यावरून अखंड नियंत्रण ठेवावे लागते,’ हे विधान हल्ली फार खात्रीने पुढे पाठवले जाते. त्यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

आधी आकार. नॉर्वेची जेमतेम 2 मीटर लांबीची ‘सेलबॉय’ 2018 मध्ये केवळ शिडाच्या बळावर अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला 80 दिवसांत पोहोचली. एवढी लहान होडी लाटेशी झुंजत नाही, बुचासारखी तिच्यावर चढते-उतरते. आणि वजन तळाशी असेल, आत पाणी शिरत नसेल, तर उलटली तरी पुन्हा सरळ होते. याउलट 15 मीटरची, खर्चिक ‘मेफ्लॉवर’ 2021 मध्ये यांत्रिक बिघाडामुळे मागे फिरली आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांकडे वळली.

सौरऊर्जेच्या आक्षेपात वेगाचा हिशेबच केलेला नसतो. वेग निम्मा केला की लागणारी शक्ती ढोबळमानाने एक अष्टमांशावर येते. कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने घरी बांधलेल्या ‘सीचार्जर’ या फोम आणि फायबरग्लासच्या होडीवर 100 वॅटची दोनच पॅनेल होती, तरीही 2016 मध्ये ती 41 दिवसांत हवाईला पोहोचली. सरासरी वेग ताशी सुमारे 4 किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाएवढा. घाई नसलेल्या होडीला ढगाळ दिवस आडवा येत नाही. ती त्या दिवशी थोडी कमी चालते, इतकेच.

अखंड नियंत्रणाची तर गरजच नाही. दिशा राखण्याचे काम आर्डुइनोसारखा स्वस्त, छोटा संगणक-बोर्ड करतो. इरिडियम या उपग्रह-संदेशसेवेच्या लहान मोडेममधून एका वेळी 340 बाइट जातात. अक्षांश, रेखांश आणि बॅटरीचा विद्युतदाब कळवायला ते भरपूर आहेत.

अशा बहुतेक होड्या वाटेतच हरवतात, हे मात्र खरे. पण त्यामागे सहसा पैशाची टंचाई नसते. हवाईहून पुढे निघालेली ‘सीचार्जर’ न्यूझीलंड टप्प्यात आले असताना थांबली ती सुकाणू निकामी झाल्यामुळे. रात्रंदिवस हलणारा तो एक सांधा महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात टिकवणे, हे या रचनेतले सर्वांत अवघड काम आहे.

कोकणातून अशी होडी सोडू पाहणाऱ्याची पहिली अडचणही खर्चाची नसेल: इरिडियमचे यंत्र भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना वापरता येत नाही.