चाव्या कमरेला, वॉर्ड मुठीत

अभिनंदन! काल स्टाफ नर्स होतात, आज सिस्टर इनचार्ज. नेतृत्वगुणांच्या कार्यशाळेला जायची काही गरज नाही. कपाटांच्या चाव्यांचा जुडगा कमरेला अडकवा. पॅसेजमध्ये तो खुळखुळला की मावशींपासून इंटर्नपर्यंत सगळे सावध होतात. अर्धं नेतृत्व तिथंच झालं.

उरलेलं अर्धं रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यात आहे. समंजस इनचार्ज ते दोन आठवडे आधी लावते. तुम्ही शनिवारी संध्याकाळी लावा, तेही पेन्सिलीनं. विरारहून येणारीला सकाळ द्या आणि आवारातल्या क्वार्टर्समध्ये राहणारीला दुपार. सलग नाइट करून आलेलीला ऑफ न देता दुसऱ्याच दिवशी सकाळ टाका. औषधांच्या चुका दमलेल्या हातून जास्त होतात, पण तो तिचा दोष, रोस्टरचा नव्हे. गणपतीत रजा कोणाला मिळाली याची वही ठेवून पुढच्या वर्षी पाळी फिरवली तर भांडणं मिटतील. पण भांडणं मिटली तर तुमच्या टेबलापाशी रडायला येणार कोण?

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, वर रजेसाठी ३० टक्के जादा. चाळीस खाटा, खाली गाद्या आणि ड्यूटीवर दोघी असतील, तर हे मेट्रनला, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांना, लेखी कळवू नका. लेखी दिलं की इनवर्ड नंबर पडतो आणि नंतर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा त्या दोघींना वेळेचं नियोजन शिकवा.

ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती, टेबलावरच घ्या. खाटेपाशी गेलात तर सलाइन कुठवर आलंय, युरिन बॅग भरलीय का, पडून राहून पाठीला बेडसोअर, म्हणजे जखम, सुरू झालाय का, हे सगळं दिसतं. आणि दिसलं की करावं लागतं. 'सगळे स्टेबल' या दोन शब्दांत चाळीस रुग्ण आटोपतात. सातची ड्यूटी असलेली पावसात कुर्ल्याला लोकलमध्ये अडकली, तर नाइटवालीला थांबवून घ्या, पण बदली कोण येणार हे आधी ठरवून ठेवू नका. पाऊस दरवर्षी अचानकच येतो.

कुणी येऊन सांगितलं, 'सिस्टर, चुकीचं इंजेक्शन भरलं होतं, द्यायच्या आधी लक्षात आलं,' तर लगेच मेमो द्या आणि चोवीस तासांत खुलासा मागवा. ती पुन्हा सांगणार नाही, तिचं पाहून बाकीच्याही सांगणार नाहीत. महिन्याचा चुकांचा रिपोर्ट शून्य! तोच फाइलला लावायचा. अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची कुपी, का चुकली, हे विचारायचंच नाही. विचारलंत तर कळेल की पोटॅशियम क्लोराइड आणि डिस्टिल्ड वॉटर एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी होतं. १० मिलीच्या त्या अँप्यूलमध्ये साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. पातळ न करता शिरेत झटक्यात गेलं तर हृदय थांबतं. त्याला वेगळं कपाट, लाल लेबल, दोघींची तपासणी हवी. तुमच्याकडे मात्र कुलपं मोजकी, आणि ती महत्त्वाच्या वस्तूंनाच लावायची असतात.

उदाहरणार्थ, जीव वाचवायच्या औषधांची इमर्जन्सी ट्रॉली. तिला नंबरचं प्लास्टिक सील लावायची फॅशन आहे: हातानं तुटतं, तुटलेलं लगेच दिसतं, मग सामान मोजून नवं लावायचं. पण थांबलेल्या हृदयासाठीची एक अ‍ॅड्रेनलिन कमी भरली तर ऑडिटला उत्तर तुम्हालाच द्यायचंय, म्हणून पितळी कुलूपच बरं. श्वासाची नळी घालताना घशात पाहायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का हे रोज पाहू नका, सेल उगाच खर्ची पडतात. रजिस्टरवर 'चेक्ड' मात्र महिनाभराचं एकदम मारून ठेवा.

रात्री अडीचला सोळा नंबरच्या खाटेवरचा श्वास थांबेल. छाती दाबणं सुरू होईल, अ‍ॅड्रेनलिन दर ३ ते ५ मिनिटांनी लागेल. मावशी ट्रॉली ओढत आणतील. चावी तुमच्या पर्समध्ये, पर्स बदलापूरला, आणि पहिली लोकल निघायला अजून अवकाश आहे.