किट टाकून ४११ ची ४५० होत नाही

लडाखचा सीझन जवळ आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ विकू नका, ४६० सीसीचं बिग-बोअर किट (मोठा सिलिंडर आणि पिस्टन) टाका, नव्या ४५० चा दम मिळतो. ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) आपोआप जुळवून घेतो, विरळ हवेतली कसर भरून निघते आणि इंजिन नंबर बदलत नाही म्हणून आरटीओची कटकट नाही. खाली दहा-बारा अंगठे.

आधी ४५० शी बरोबरी. ४११ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८६. किटमध्ये स्ट्रोक तोच राहतो, बोअर साडेब्याऐंशीच्या आसपास जातो. म्हणजे सीसी वाढली १२ टक्के. टॉर्कही, म्हणजे इंजिनची ओढ, फार तर तेवढाच वाढणार, तो मधल्या आरपीएमला. वरच्या आरपीएमला हेडच (सिलिंडरच्या वरचा भाग, हवा तिथूनच आत-बाहेर जाते) आडवं येतं: दोनच व्हॉल्व्ह, ते उघडणारा एकच कॅम, हवा आत सोडणारी थ्रॉटल बॉडी जुनी. ४५० ला चार व्हॉल्व्ह आहेत, दोन कॅम, लिक्विड कूलिंग आणि आखूड स्ट्रोक; म्हणून ती ८००० आरपीएमला ४० पीएस (ताकदीचं माप, जवळपास बीएचपीइतकंच) काढते. ४११ साडेसहा हजारांना २४ च्या आसपास थांबते. सगळं जमून आलं तरी २४ चे २७ होतील.

‘ईसीयू आपोआप शिकतो’ हे अर्धसत्य, आणि तेच महागात पडतं. ऑक्सिजन सेन्सरवरून पेट्रोल कमी-जास्त होतं ते हलक्या थ्रॉटलला, सरळ रस्त्यावर. पूर्ण थ्रॉटल पिळला की ईसीयू कंपनीने भरलेल्या मॅपवर, म्हणजे पेट्रोलच्या ठरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो मॅप ४११ सीसीचा आहे. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन तापतो.

त्यात कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते. मूळ ९.५:१ आहे, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण ४८ सीसी. ती तशीच ठेवून सिलिंडर ४६० चा केला की हिशेब साडेदहाच्या वर जातो. चांगल्या किटमध्ये पिस्टनचं डोकं खोलगट करून हे सांभाळतात. स्वस्तातलं घेताना विचारून घ्या, विकणाऱ्याला उत्तर येतं का तेही बघा. कॉम्प्रेशन वाढलं की नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोके देण्याची) भीती; लडाखमध्ये हवा विरळ, म्हणून ती कमीच. ती आहे तिथे पोचण्याआधी, जूनमधल्या राजस्थानात, मागे माणूस आणि दोन भरलेल्या सॅडल बॅगा असताना.

आरटीओ. इंजिन नंबर तोच राहतो हे खरं, पण आरसीवर सीसीही छापलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील मूळ कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. थर्ड पार्टी विम्याचा गट बदलत नाही, कारण ३५० सीसीच्या वर सगळ्या गाड्या एकाच गटात. मात्र गाडी ठोकली आणि स्वतःचा क्लेम टाकला, तर न कळवलेला बदल म्हणजे कंपनीच्या हाती आयतं कारण.

राहिली विरळ हवा. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. २४ बीएचपीचे तिथे साडेचौदा उरतात. किटवाल्या गाडीचीही तितकेच टक्के ताकद जाते, तिच्याकडे उरतात सोळा. हा दीड-पावणेदोन बीएचपीचा फरक, इंजिन उघडून, बॅरल-पिस्टन बदलून, मॅप करून घेऊन आणि पुन्हा रनिंग-इन (नवे भाग बसेपर्यंत सांभाळून चालवणं) करून.

खड्या चढाला गाडी दम टाकते ती बहुतेक वेळा गिअरिंगमुळे. पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १५ दातांचं आहे, तिथे १४ चं बसवलं की प्रत्येक गिअरला मागच्या चाकावरची ओढ ७ टक्के वाढते. चेन सैल करायची, कव्हर काढायचं, स्प्रॉकेट बदलायचं. गल्लीतला फिटर तासाभरात करून देतो आणि खर्च किटच्या जवळपासही जात नाही. हायवेला त्याच वेगात आरपीएम ७ टक्के जास्त राहतील, ॲव्हरेज थोडं पडेल. परतल्यावर १५ चं परत घाला.