तुमच्या बॉस्टनमध्ये पाडलं असतं का?

काळा घोड्याचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, पाडावं की वाचवावं हा विषय निघाला की मुंबईचे नातेवाईक मला हमखास साक्षीला बोलावतात. "तुमच्या बॉस्टनमध्ये असं पाडू दिलं असतं का रे?" उत्तर ‘छे, शक्यच नाही’ हेच हवं असतं. पण बॉस्टनने याहून मोठं हॉटेल पाडलेलं आहे.

ट्रेमाँट आणि बीकन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर १६ ऑक्टोबर १८२९ला ट्रेमाँट हाऊस उघडलं. तोवर इथला प्रवासी सराईत उतरायचा, खोलीत परक्या माणसाशेजारी आणि कधी त्याच्याच बिछान्यात झोपायचा, संडासला मागच्या अंगणात जायचा. ट्रेमाँटमध्ये हवी तर कुलूप-किल्लीची स्वतंत्र खोली, तोंड धुवायला पाणी आणि फुकट साबण मिळू लागला. दारातून आत आलं की सामान घ्यायला माणूस आणि नावनोंदणीचं टेबल. तळमजल्यावर आठ संडास, तेही इमारतीच्या आत. खोल्या १७०. आज कुठल्याही लॉजमध्ये आपण जे गृहीत धरतो, त्यातलं बरंचसं इथे प्रथम एका नकाशात आलं. तो नकाशा काढणारा आयझाया रॉजर्स तेव्हा २९ वर्षांचा होता. मार्शफील्डच्या जहाजं बांधणाऱ्याचा मुलगा, सुतारकाम शिकलेला, मग एका वास्तुकाराच्या हाताखाली चार वर्षं काढलेला. पदवीचा प्रश्नच नव्हता, अमेरिकेत तेव्हा वास्तुकला शिकवणारं कॉलेजच नव्हतं.

पुढे न्यूयॉर्कचं ॲस्टर हाऊस, सिनसिनाटीचं बर्नेट हाऊस, नॅशव्हिलचं मॅक्सवेल हाऊस. हॉटेल काढायचं तर रॉजर्सला बोलवा, असा तो काळ. आणि गंमत अशी की त्याच्या हॉटेलांना म्हातारं केलं ते त्यानेच. ट्रेमाँटमध्ये नळाचं पाणी तळमजल्यापर्यंतच होतं. सात वर्षांनी ॲस्टर हाऊसमध्ये ते वरच्या मजल्यांवर चढवलं. मग लिफ्ट आली, खोलीला जोडून न्हाणीघरं आली. हॉटेल घरापेक्षा लवकर जुनं होतं, कारण गिऱ्हाइकाला कालची सोय चालत नाही. १८९५च्या सुमारास ट्रेमाँट हाऊस पाडलं आणि त्या जागी ऑफिसांची इमारत उभी राहिली. शेजारच्या ग्रॅनरी दफनभूमीचं रॉजर्सने केलेलं इजिप्शियन धाटणीचं फाटक मात्र अजून आहे. तिथल्या रहिवाशांनी नव्या सोयी मागितल्या नाहीत.

म्हणून ‘परदेशात बघा कसं जपतात’ हा मुद्दा वॉटसनच्या बाजूने मांडू नये. आणि तिकडेही पाडतात, मग आपण का नको, असाही काढू नये. वॉटसनचा प्रश्न मुळात वेगळा आहे. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याने आखलेला इमारतीचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला आणि १८६७ ते १८६९ दरम्यान मुंबईत जोडला. हॉटेल केव्हाच बंद पडलं. नंतर आत फळ्या ठोकून गाळे पडले, भाडं भाडेनियंत्रणाच्या जुन्या कायद्याने गोठलं. दुरुस्तीचा खर्च मालकाला परवडेना, भाडेकरूंनी तो का करावा हेही कुणी सांगेना. २००५मध्ये काही भाग कोसळून माणूस दगावला, २०१९मध्ये इमारत रिकामी केली. आयआयटीचा अहवाल म्हणाला पाडा, वारसावाले तज्ज्ञ म्हणाले वाचवता येते. लोखंडाला दोष देणं सोपं आहे, पण माझ्या मते इमारत भाड्याच्या हिशोबाने मोडली.

बॉस्टनकडून एकच गोष्ट मी बिनदिक्कत उचलेन. ट्रेमाँट हाऊस उघडलं त्याच्या पुढच्याच वर्षी विल्यम एलियट यांनी त्याचे नकाशे आणि वर्णन पुस्तकरूपाने छापलं. ते पाहून देशभर हॉटेलं बांधली गेली. रॉजर्सच्या रोजनिश्याही न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. इमारत गेली तरी तिचं दार कुठे होतं यावर इथे कुणाला गप्पा माराव्या लागत नाहीत.

आपल्याकडे मुंबईचं ताज हॉटेल उभं आहे, रोज फोटो निघतात, आणि तरी आपण सांगत काय असतो? आर्किटेक्टने आराखडा पाठवला, हॉटेल उलटं बांधलं गेलं, म्हणून त्याने जीव दिला. कधी तो इंग्रज असतो, कधी फ्रेंच. पहिले आराखडे होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्य आधी व्हीटी स्टेशनच्या कामावर, त्याचा वास्तुकार स्टीव्हन्स याच्या हाताखाली होते. ताज पुरं होण्याआधीच ते हिवतापाने गेले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने काम तडीला नेलं. १९०३मध्ये हॉटेल उघडलं. एका मराठी माणसाने एवढं काम केलं, आणि आपण त्याच्या जागी आत्महत्या करणारा साहेब बसवला. मराठी माणसाच्या अभिमानावर एवढी भाषणं होतात, त्यात वैद्यांचं नाव मी तरी ऐकलेलं नाही.

‘तिकडे बसून तुला बोलायला काय जातं’ हे मला ऐकावं लागतं, आणि ते काही अंशी रास्तच आहे. वॉटसनखालच्या फुटपाथवरून रोज मी जात नाही. तरी दोन मागण्या करतो. इमारत पाडा किंवा वाचवा, त्याआधी तिची खांबन्‌खांब मोजणी करून नकाशे सगळ्यांना पाहता येतील असे छापा. आणि वाचवणार असाल तर ‘पुन्हा हॉटेल’ हे स्वप्न सोडा. अमेरिकेच्या मेन राज्यातलं रॉजर्सचं १८३४चं बँगर हाऊस आजही उभं आहे. हॉटेल म्हणून त्याचे दिवस भरले तेव्हा आत राहती घरं केली, आणि आता तिथे भाडेकरू राहतात.